आंबवायचं, माजू द्यायचं नाही

"काय पितंस?"

कतारमधल्या मेसईदच्या आमच्या कंपनी कँटीनमधला माझा चौथा दिवस होता. ताट घेऊन एकटाच कोपऱ्यात बसलो होतो. समोरची खुर्ची ओढून एक गृहस्थ बसले आणि त्यांनी हा प्रश्न विचारला. नाव नाही, गाव नाही, 'कुठल्या डिपार्टमेंटला' नाही. वय पन्नाशीच्या पुढचं, अंगात लॅबचा पांढरा कोट. वरच्या खिशात पेन असायला हवं तिथे प्लॅस्टिकची एक लहानशी डबी.

पुण्यात जे मागे टाकून मी इथे आलो होतो, ते या माणसाला चार दिवसांत कळलं कसं?

"मी पीत नाही," मी म्हणालो.

"मग हे काय?" त्यांनी माझ्या ताटाशेजारच्या नारिंगी ग्लासकडे बोट दाखवलं.

"ज्यूस आहे."

त्यांनी डबी उघडली, आतली एक कागदी पट्टी काढली आणि मला न विचारता माझ्या ग्लासात बुडवली. पट्टीचा बदललेला रंग उजेडाकडे धरून पाहिला. मग माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की जणू डॉक्टरांच्या हातात वाईट रिपोर्ट आलाय.

"हे पेय नाही. हा रंग आहे. साखर घातलेला." आणि उठताना म्हणाले, "शुक्रवारी घरी ये. सतरा नंबर."

ते आमच्या खत कारखान्याच्या लॅबमध्ये सीनियर होते. मूळचे मालवणकडचे. बायकोशी बोलताना आणि कुणालाही हा एक प्रश्न विचारताना ते मालवणीत जायचे, एरवी त्यांचं मराठी अगदी सरकारी पत्रासारखं. सगळे त्यांना काका म्हणायचे, अगदी त्यांच्याहून थोराड दिसणारा आमचा पंजाबी क्रेन सुपरवायझरसुद्धा. मीही तेच म्हणत आलो.

सतरा नंबरच्या घरी पहिल्यांदा गेलो आणि बाथरूम विचारली, तेव्हा काकू घाईघाईनं म्हणाल्या, "डावीकडची हां. उजवीकडे जाऊ नकोस, तिथे ह्यांची मंडळी आंघोळीला बसलीयत."

उजवीकडच्या बाथरूममध्ये टब होता आणि त्या टबात बाटल्या. जाड काचेच्या, तारेच्या झाकणांच्या, पंचवीस-तीस तरी. एकावर एक जुने टॉवेल पांघरून ठेवलेल्या. काका एकेक टॉवेल उचलून मला ओळख करून देऊ लागले. हे आलं-लिंबू, ही बिटाची कांजी, हे कोकम, हा आंबवलेला चहा. टबातच का, तर बाटलीत वायू साठतो, आणि एखादी फुटलीच तर काचा आणि पाणी टबातच राहावं. "आधी हॉलमध्ये ठेवायचो. मग एकदा कोकम फुटलं. छतावरचा डाग कंपनीच्या मेंटेनन्सवाल्यांनी तीनदा रंगवला, तीनदा वर आला."

"शेजारचा इजिप्शियन धावत आला होता," काकू म्हणाल्या. "सोफ्यावर लाल, भिंतीवर लाल, आणि हे मध्ये उभे. त्याला वाटलं मीच काहीतरी केलं."

प्रत्येक बाटलीच्या गळ्यात दोऱ्यानं बांधलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी. आत काय, कधी भरलं, कोणी भरलं. तेच सगळं पुन्हा एका लांबलचक लाल कापडी बांधणीच्या रजिस्टरमध्ये. शिवाय रोजचं माप. काचेचा एक तरंगणारा काटा होता, हायड्रोमीटर. साखर जास्त असली की तो वर तरंगतो. साखरेचं दारूत रूपांतर होत गेलं की तो खाली खाली जातो. काकांनी तो सुट्टीत भारतातून स्वतः आणलेला. लॅबमध्ये त्याहून कितीतरी भारी उपकरणं त्यांच्या हाताखाली होती, पण कंपनीची साधी काचेची नळीसुद्धा त्यांनी या कामाला लावली नाही.

"आंबवायचं," ते काटा धुऊन पुसता पुसता म्हणायचे, "पण माजू द्यायचं नाही. आंबणं आणि माजणं यात दीड दिवसाचं अंतर असतं. तो दीड दिवस ज्याला कळला त्याला सगळं कळलं."

या दीड दिवसाला कतारमध्ये फार अर्थ होता. घरी दारू करणं म्हणजे इथे गुन्हा. सापडलात तर नोकरी जाते, कोठडी बघावी लागते आणि मग एका सुटकेसवर विमानात बसावं लागतं. काकांना इथे सव्वीस वर्षं झाली होती. त्यांची बाटली दीड दिवस बाहेर, मग थेट फ्रिजमध्ये. थंडीत आंबणं थांबतं. काटा ठरलेल्या रेघेच्या खाली एक केस जरी गेला, तरी ती बाटली मोरीत. मी एकदा विचारलं, एवढं कशाला? कोण येतंय तपासायला?

"मी काही साधू नाही, मेल्या," ते म्हणाले. "गोव्याला मेव्हण्याकडे गेलो की फेणी घेतो. पण आपण दुसऱ्याच्या घरात राहतो. चपला कुठे काढायच्या ते घरवाला सांगणार. आपण त्यावर वाद नाही घालायचा."

लॅबमध्ये त्यांच्या हाताखाली इद्रिस नावाचा एक सुदानी तंत्रज्ञ होता. त्याला या बाटल्यांबद्दल फार कुतूहल. एकदा त्यानं आलं-लिंबू मागितलं, तर काकांनी बाटली चक्क पाठीमागे लपवली. इंग्रजीत त्याला समजावलं, की यात अगदी थोडंसं का होईना, काहीतरी असणार. अजिबात नाही असं मी तुला छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही, म्हणून तुला देणार नाही. इद्रिस हसून म्हणाला, तुम्ही सांगितलं नसतं तर मला कळलंच नसतं. काका म्हणाले, मला कळलं असतं. त्या दिवसापासून दर गुरुवारी इद्रिससाठी एक वेगळी बाटली यायची. त्याच सकाळी पिळलेलं कोकम सरबत, न आंबवलेलं. काकूंना ताप असला तरी ती बाटली चुकली नाही.

शुक्रवारी सकाळी साडेआठची कंपनीची बस दोह्याला जायची, नमाजाच्या आधी बाजार उरकायला. काका कायम ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर. आलं ते नखानं खरवडून, वास घेऊन घ्यायचे. भाजीवाला बांगलादेशी त्यांना लांबून बघूनच चांगली टोपली पुढे सरकवायचा. पण त्यांची खरी मोहीम महिन्यातून एकदा, द पर्लला, दोह्याला समुद्रात भर घालून वसवलेल्या श्रीमंत वस्तीत. तिथल्या एका महागड्या हॉटेलात तारेच्या झाकणाच्या बाटल्यांतून पाणी देतात, आणि रिकाम्या बाटल्या फेकतात, असा त्यांना शोध लागला होता. तिथल्या नेपाळी वेटरशी त्यांनी मैत्री केली होती.

तिथल्या धक्क्यावर पांढऱ्याशुभ्र बोटी लागलेल्या, बायका-पोरं सुंदर कपड्यांत फिरतायत, आणि मधून हे चालले आहेत. चौकड्याचा हाफ शर्ट, पायात जुन्या सँडल, दोन्ही हातांत सावंतवाडीच्या कुठल्याशा कापड दुकानाच्या पिशव्या, आणि त्यात बाटल्या खणखणतायत. मी चार पावलं मागे, ओळख नसल्यासारखा. एकदा सिक्युरिटीवाल्यानं अडवलं. पिशवीत काय?

"रिकाम्या बाटल्या."

"कशाला?"

काकांनी पिशव्या खाली ठेवल्या आणि त्या माणसाला आल्याचं विरजण कसं लावायचं ते पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. रोज एक चमचा किसलेलं आलं, एक चमचा साखर, पाचव्या दिवशी बुडबुडे. तो केनियाचा होता. त्याची आजी बाजरीचं असंच काहीतरी आंबवायची, हे दहाव्या मिनिटाला निघालं. विसाव्या मिनिटाला काकांनी त्याला विचारलं, तुझी आजी फडकं सुती वापरायची का? आमची परतीची बस चुकली. काका दिवसभर खूश होते.

त्यांचा फोनवर एक ग्रुप होता, 'आंबट मंडळी'. नऊजण. नियम एकच. संध्याकाळी आपण काय पितोय त्याचा फोटो टाकायचा, आणि ते कसं जमलं किंवा बिघडलं ते लिहायचं. रमजानमध्ये फोटो सूर्यास्तानंतरच. आमचा स्टोअरकीपर बिजू अननसाच्या सालींचं पेय करायचा. पंजाबी सुपरवायझर काळ्या गाजराची कांजी करायचा आणि तिची मोहरी नाकात गेली की ग्रुपवर शिंकेची व्हॉइस नोट टाकायचा. कुणाच्या चहावर बुरशी आली की आठ जण सल्ले द्यायचे. काका शेवटी एक ओळ लिहायचे, 'फेकून दे. दुःख करू नको. उद्या पुन्हा लाव.'

मला त्यांनी नवशिका म्हणून हाताखाली घेतलं होतं. पहिल्या बरणीत बुडबुडेच आले नाहीत, कारण मी उकळतं पाणी घातलं. "विरजण मारलंस की रे," काका अगदी सुतकी आवाजात म्हणाले. दुसरीवर हिरवी लव आली. तिसरीतून शेवटी बुडबुड आवाज आला, तेव्हा त्यांनी बरणीला कान लावला आणि मलाही लावायला सांगितला. बेचाळीस डिग्रीच्या दुपारी दोन बाप्ये एका बरणीला दोन्ही बाजूंनी कान लावून बसलेले बघून काकू आल्या पावली परत आत गेल्या.

आता मला माझ्याबद्दल सांगायला हवं, कारण त्याशिवाय काका पुरते कळणार नाहीत.

मी त्यांच्याकडे शिकायला जात होतो ते आलं-लिंबासाठी नाही. पुण्यात असताना माझी दारू हाताबाहेर गेली होती. एका रात्री बाइक दुभाजकावर घातली. मला फारसं लागलं नाही, पण मागे बसलेल्या मित्राचा पाय मोडला. पोलीस चौकीतून मला सोडवायला अण्णा, माझे वडील, निफाडजवळच्या आमच्या गावाहून पहिल्या एसटीनं आले. ते शाळेत गणित शिकवायचे. ज्या हवालदारानं त्यांच्याकडून सही घेतली, तो त्यांचा जुना विद्यार्थी निघाला. त्यानं वाकून नमस्कार केला. त्यानंतर दोन वर्षं आमचं बोलणं 'जेवलास का' आणि 'तब्येत कशी' एवढंच. कतारची नोकरी मी घेतली ती इथे दारू मिळणार नाही म्हणून, आणि इथे येऊन दोन महिन्यांत मला कळलं की आपल्या समोरच एक माणूस आहे, त्याच्याकडे बाटल्या आहेत, विरजण आहे आणि सगळं ज्ञान आहे. तो दीड दिवसावर थांबतो. मी थांबलो नसतो.

मी थांबलो नाही. माझ्या बॅचलर क्वार्टरमधल्या कपाटात द्राक्षाच्या रसाची एक मोठी बाटली मी तीन आठवडे ठेवली. आणि मग नोटीस लागली, की बॅचलर क्वार्टरमधल्या सगळ्या खोल्यांची तपासणी आहे. मी घाबरलो. ती ओतून टाकणं सहज शक्य होतं. माझ्यानं ते झालं नाही. बाटलीच्या गळ्यात मी चिठ्ठी बांधली, 'कोकम. एक दिवस', खाली माझं नाव, आणि नेऊन काकांच्या टबात, टॉवेलखाली ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांचा फोन. "ये."

ते टबाच्या काठावर बसले होते. माझी बाटली समोर, झाकण उघडं. शेजारी उंच काचेच्या नळीत त्यातलं थोडं ओतलेलं.

"कोकम?" त्यांनी विचारलं.

"हो."

"एका दिवसाचं?"

"हो."

त्यांनी हायड्रोमीटर नळीत सोडला. साध्या पाण्यात तो जिथे थांबतो, त्याच्याहीपेक्षा खाली गेला. आम्ही दोघंही तो हलायचा थांबेपर्यंत बघत राहिलो. मग त्यांनी रजिस्टर घेतलं आणि लिहायला लागले. द्राक्ष. सुरुवातीचं माप नाही. अंदाजे अकरा टक्के. खोटं लेबल. ओतलं.

"ते लिहू नका हो," काकू दारातून म्हणाल्या. त्या कधी येऊन उभ्या राहिल्या मला कळलं नव्हतं. "ते पान फाडा."

"रजिस्टरचं पान फाडत नाहीत."

काकांनी नळ पूर्ण सोडला आणि बाटली टबात उपडी केली. त्या वासानं माझ्या तोंडाला पाणी सुटलं, तेही मला आठवतं आणि त्याची लाज वाटते. बाटली रिकामी होईपर्यंत काकू बघत होत्या. "गेलं ना सगळं?" त्यांनी विचारलं. काका हो म्हणाले. तेव्हा त्या दाराची चौकट धरून हळूच तिथल्या स्टुलावर बसल्या. सव्वीस वर्षांचा संसार, मुलीचं इथलं बालपण, नवऱ्याची फंडाची शेवटची वर्षं, सगळं त्या टबात एका टॉवेलखाली रात्रभर पडून होतं आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. मला कुणी शिव्या दिल्या नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुला प्यायची होती, हे मी समजू शकतो," काका शेवटी म्हणाले. "पण लेबलवर खोटं लिहिलंस. ते बघून मी उद्या ती बाटली इद्रिसच्या घरी पाठवली असती तर? बिजूच्या बायकोला दिली असती तर? माणूस चिठ्ठी वाचतो आणि विश्वासानं पितो. जा आता."

दोन शुक्रवार गेले. ग्रुपवर मी काही टाकलं नाही, मला कुणी विचारलंही नाही. कँटीनमध्ये काका दुसऱ्या टेबलावर बसायचे. तिसऱ्या शुक्रवारी सकाळी आठला फोन वाजला.

"आलं संपलंय. साडेआठची बस आहे."

बसमध्ये मी त्यांच्या शेजारी बसलो. मेसईद मागे पडलं. बाहेर सपाट वाळवंट, लांबवर चिमण्यांचे धूर. मग मी बोलायला लागलो. बाइक, मित्राचा पाय, चौकी, हवालदाराचा नमस्कार. त्यांनी एकदाही मधे तोंड घातलं नाही, आणि काकांच्या बाबतीत ही गोष्ट लिहून ठेवण्यासारखी होती. दोह्याच्या पहिल्या सिग्नलला बस थांबली तेव्हा ते म्हणाले,

"मग आता काय पितंस?"

"पाणी."

"पाण्यानं भागतं?"

"नाही."

"हे खरं बोललास." ते खिडकीबाहेर बघत राहिले. "रोज संध्याकाळी साडेसहा वाजता मला एक फोटो टाकायचा. ग्लासाचा. आत काय आहे ते खरं लिहायचं. माजलेलं असलं तर माजलेलं लिही, पण खरं लिही. आणि शुक्रवारी बाटल्या माझ्यादेखत भरायच्या. तुझ्या काकूला मी सांगितलंय."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाली, पोरगा वाळलाय, जेवायला थांबव."

त्या दिवसापासून मी फोटो टाकत गेलो. सुट्टीच्या दिवशी, आजारी असताना, शटडाऊनच्या कामात हेल्मेट घालून उभं राहूनसुद्धा. त्यांची उत्तरं कधी दोन शब्दांपेक्षा मोठी नसायची. 'रंग फिका.' 'ग्लास धू.' 'लिंबू कमी.' एकदा मी नुसता रिकामा ग्लास टाकला आणि लिहिलं, 'आज फार इच्छा होतेय.' सात मिनिटांत दारावर थाप पडली. काका उभे, हातात स्टीलचा डबा, त्यात घावणे. त्यांनी इच्छेबद्दल एक अक्षर काढलं नाही. दोन तास मला आंबवलेल्या चहावर धरणारी विरजणाची साय कशी दुभागायची ते दाखवत बसले. मला ते आधीच येत होतं, हे त्यांनाही माहीत होतं.

काका आता निवृत्त होऊन मालवणला गेलेत. तिथे त्यांच्याकडे टब नाही, म्हणून त्यांनी विहिरीजवळ खास हौद बांधून घेतलाय. काकू म्हणतात की गावातली माणसं त्याला पोरांचा पोहायचा हौद समजतात. ग्रुप चालू आहे, पंजाबी अजून शिंकतो. पण काका म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर येते ती त्यांच्या जाण्याआधीच्या शेवटच्या हिवाळ्यातली सकाळ, अण्णा आले होते तेव्हाची.

मला तोवर कंपनीनं दोन खोल्यांचं घर दिलं होतं. आई बहिणीच्या बाळंतपणात अडकली होती, म्हणून अण्णा एकटेच आले, पहिल्यांदाच विमानात बसून. पहिल्या सकाळी मी आंघोळीला गेलो असताना त्यांनी दुधासाठी फ्रिज उघडला. बाहेर आलो तर ते खुर्चीत ताठ बसलेले, फ्रिजचं दार तसंच उघडं, आणि आत दोन फळ्या भरून बाटल्या.

"परतीचं तिकीट बदलता येतं का?" त्यांनी विचारलं.

"अण्णा, ते तसलं काही नाही. ते आलं आहे, कोकम आहे. आंबवलेलं असतं, पण..."

"तू तेव्हाही असंच सांगायचास. अगदी याच आवाजात."

खरं बोलताना आणि खोटं बोलताना माझा आवाज सारखाच लागतो, हे मला त्या दिवशी कळलं. मी काकांना फोन केला. एवढंच म्हणालो, "अण्णांनी फ्रिज उघडला."

ते चालत आले. काखेत लाल रजिस्टर, खिशात हायड्रोमीटर. आल्या आल्या अण्णांना नमस्कार केला, समोर बसले आणि विचारलं, "काय पिताय?"

"पाणी," अण्णा कोरडेपणानं म्हणाले.

"उत्तम." आणि त्यांनी रजिस्टर अण्णांच्या पुढ्यात ठेवलं. "तुमच्या मुलाचं सगळं यात आहे. मी काही सांगत नाही. तुम्ही वाचा."

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, घातला. छत्तीस वर्षं त्यांनी वह्या तपासल्या होत्या. त्यांना पान चाळता येत नाही, ते वाचतात. तारीख, पदार्थ, माप, वजाबाकी. बोट ओळीवरून सरकत होतं. काका छताकडे बघत होते. मी उभाच होतो, कारण ते पान कुठे आहे हे मला माहीत होतं. काकांनाही माहीत होतं. त्यांनी ते चिकटवून टाकलं नव्हतं, की रजिस्टर त्याच्या पुढच्या पानावर उघडून दिलं नव्हतं.

बोट थांबलं.

"द्राक्ष. अंदाजे अकरा टक्के. खोटं लेबल." अण्णांनी मोठ्यानं वाचलं. "हे कुणाचं?"

काकांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"माझं," मी म्हणालो.

अण्णा त्या ओळीकडे बघत राहिले. मला वाटलं, आता ते रजिस्टर मिटणार. त्यांनी पान उलटलं. मग पुढचं, मग त्याच्या पुढचं. चौदा महिन्यांची पानं होती, दर शुक्रवारी माझं नाव आणि माझ्या बाटल्यांची मापं. ती सगळी वाचेपर्यंत चहा दोनदा गार झाला. शेवटच्या पानावर पोचल्यावर त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि काकांना म्हणाले,

"मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात तुमची वजाबाकी चुकलीय."

"अशक्य."

"हातचा घेतला नाहीत."

"सर, मी तीस वर्षं लॅबमध्ये आहे."

"मी छत्तीस वर्षं पाचवीला शिकवलंय. द्या पेन्सिल."

दोघांची डोकी रजिस्टरवर वाकली. काकांनी एकदा केलं, दुसऱ्यांदा केलं. चूक दुरुस्त करून शेजारी बारीक अक्षरात तारीख घातली आणि अण्णांपुढे सहीसाठी सरकवलं. अण्णांनी सही केली. मला आठवत होती ती त्यांची दुसरी एक सही, चौकीतली. त्यांनाही ती आठवली असावी, कारण सही झाल्यावर त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. दोन वर्षांत एवढा वेळ त्यांनी माझ्याकडे पाहिलं नव्हतं.

मग ते उठले, फ्रिजपाशी गेले, एक बाटली काढून तिची चिठ्ठी वाचली आणि झाकण उघडलं. फस्सकन फेस आला, त्यांच्या धोतरावर उडाला. त्यांनी अर्धा ग्लास ओतून घेतला, एक घोट घेतला, थोडा वेळ तोंडात धरून गिळला.

"हे करतात कसं?" त्यांनी विचारलं.

असा प्रश्न कुणी विचारला की काका थांबायचे नाहीत, पर्लच्या त्या केनियन सिक्युरिटीवाल्याला विचारा. त्यांचं तोंड उघडलंसुद्धा होतं. मग त्यांनी ते मिटलं, दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून ठेवले, लहान मूल खोडी करायची नाही म्हणून बसतं तसे.

"त्याला विचारा," ते म्हणाले. "स्वयंपाकघर त्याचं आहे."

अण्णा किसणी शोधत ओट्याशी गेले. मी त्यांच्या हातात आलं दिलं. "सालीसकट?" त्यांनी विचारलं.

"सालीसकट, अण्णा. आणि हळू किसा, बोटं सांभाळा."